माप केंबे

सिंगापुरात बुकित बातोकमधल्या आमच्या इमारतीची लिफ्ट इतकी आळशी होती की तळमजल्यावर बटण दाबून वर पोचेपर्यंत माणसाचा एम्प्लॉयमेंट पास संपायचा. हे मी सांगतोय, तेव्हा यातले बारा आणे खोटे धरून चाला. पण ती सगळ्या मजल्यांवर थांबत नसे हे खरं, आणि आमच्या मजल्यावर थांबली की 'टिंग' करायची हेही खरं.

त्या 'टिंग'ला मार्थामावशी उठायच्या.

हातात अर्धा सोललेला लसूण असो, मांडीवर बायबल असो, बसल्या बसल्या डोळा लागलेला असो. टिंग झालं की मावशी दारात. लिफ्टमधून कधी पक्ष्याचा पिंजरा घेऊन चिनी आजोबा उतरायचे, कधी शाळेची पोरं, कधी मी, तांजोंग पगारच्या ऑफिसातून पिळून काढलेल्या फडक्यासारखा. मावशी प्रत्येकाला पायांपासून वर बघत जायच्या. कुठे रक्त नाही, कुणाला कुणी उचलून आणलेलं नाही, अशी खात्री पटली की म्हणायच्या, "प्रभू, आता पुरे," आणि परत प्लॅस्टिकच्या स्टुलावर जाऊन बसायच्या. घरात सोफा होता. पण सोफ्यावर बसलं की उठायला वेळ लागतो म्हणून त्यांना स्टूलच बरं वाटे.

मार्थामावशी साळवे मूळच्या नगरच्या. मिशनच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. यजमान गेले, मुलगा अमोस इंजिनीयर होऊन सिंगापूरला लागला, आणि ज्या वयात बायका पापड-लोणच्यांत मन रमवतात त्या वयात ही बाई स्वयंसेविका म्हणून हैतीला निघून गेली. हैती कुठे आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ताहितीचा धाकटा भाऊ असावा अशी माझी समजूत होती. तिथल्या डोंगरातल्या एका लहानशा दवाखान्यात मावशी आठेक वर्षं राहिल्या. दोन हजार चार साली तिकडे गोळीबार आणि जाळपोळ सुरू झाली, मिशनने परदेशी माणसांना बाहेर काढलं आणि अमोसने आईला इकडे आणलं. 'थोडे दिवस विसावा' असं ठरलं होतं. ते थोडे दिवस दोन वर्षं लांबले, पण विसावा काही मी पाहिला नाही.

आमची ओळख त्या लिफ्टपाशीच झाली. मी शेजारच्या घरात आलेला नवा भाडेकरू. समोर पांढरं लुगडं नेसलेली, सावळी, काटक बाई. मला बघून म्हणाल्या, "सलाम."

मी पुण्याचा जोशी. सलाम म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, आणि मी अदबीने मान झुकवून म्हणालो, "वालेकुम सलाम, खालाजान."

त्यांनी मला पायांपासून वर बघितलं. "मराठी दिसतोस. मी नगरची ख्रिस्ती आहे रे. आम्ही एकमेकांना सलामच म्हणतो. आणि खालाजान नको, मावशी म्हण."

"तसं मला माहीत होतं," मी म्हणालो. "माझे आजोबा नगरला कलेक्टर होते."

"काय होते?"

"म्हणजे... कलेक्टर कचेरीत होते."

"थापाड्या आहेस," मावशी म्हणाल्या. तेच माझं नाव पडलं. अमोसची बायको घरच्या फोनच्या वहीतसुद्धा माझा नंबर 'थ'च्या पानावर लिहून मोकळी झाली.

दर रविवारी संध्याकाळी सहाला मावशी हैतीला फोन करायच्या. तिकडे तेव्हा सकाळचे सहा. अमोसची बहुधा शिफ्ट असायची, मावशींना बारीक आकडे दिसायचे नाहीत, म्हणून आकडे दाबायचं काम माझ्याकडे आलं. त्या काळी कॉलिंग कार्ड असायचं. ते नाण्याने खरवडायचं, त्यावरचा मारुतीच्या शेपटीएवढा आकडा दाबायचा, मग देशाचा, मग माणसाचा. तेवढ्या आकड्यांत मी चंद्रावर यान उतरवलं असतं. फोन लागला की तो स्पीकरवर टाकून मी खिडकीशी जाऊन बसायचो, आणि मावशी त्या लोकांच्या क्रेओल बोलीत सुरू व्हायच्या. पलीकडून एक जाड, खर्जातला बायकी आवाज काहीतरी विचारायचा आणि मावशींचं पहिलं वाक्य कायम एकच असायचं, "माप केंबे."

चार रविवार मी ऐकून घेतलं. पाचव्या रविवारी राहवेना.

"मावशी, हे केंबे कुठले? कोल्हापूरकडचे का?"

"कोण केंबे?"

"तुमचे शिंपी. दर आठवड्याला ब्लाउजचं माप मागतात ते."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. त्यांना इतकं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. हसताना त्यांनी स्टुलाची कड घट्ट धरली होती. "अरे, शिंपी कसला! ती विचारते, कशी आहेस? मी सांगते, 'माप केंबे'. धरून आहे. तिकडे कुणी 'मजेत' म्हणत नाही. रस्त्यात कुणालाही विचार, एकच उत्तर. धरून आहे."

"काय धरून?"

"ते कुणी सांगत नाही. ज्याच्या हाताला जे लागेल ते."

पलीकडच्या बाईचं नाव आसेफी. दवाखान्यात बाळंतपणं तीच करायची, स्वयंपाकही तीच करायची आणि रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गाणं उचलायचं तेही तिनेच. आसेफी म्हणजे 'पुरे झाल्या मुली'. सहावी मुलगी झाल्यावर बापाने ठेवलेलं नाव. "आपल्याकडे नकोशी, तिकडे आसेफी," मावशी म्हणायच्या. "नाव ऐकलं त्या दिवशीच म्हटलं, हे आपलंच गाव."

तिकडच्या गोष्टी मावशी तुकड्यातुकड्यांनी सांगायच्या, तेही हात कामात असतील तर. तोंडी लावायला माझ्या थापा असायच्या. मी म्हणायचो, पुण्यात आमच्याकडे देवळात इतकी गर्दी की देवाला बाहेर उभं राहावं लागतं. त्या म्हणायच्या, गप्प बस आणि कांदा चिर. मग कांद्याबरोबर हैती सुरू. पहाटे डोंगरावरून बाया पांढरे कपडे घालून, बूट हातात घेऊन अनवाणी उतरायच्या आणि पत्र्याच्या देवळाच्या दारात बूट पायांत चढवायच्या. चिखल देवापर्यंत न्यायचा नाही. उपासना तीन तास चालायची. पाळक थकून बसायचा, ढोलवाला थकायचा नाही. मावशींनी नगरहून नेलेल्या झांजा आसेफीने पहिल्याच रविवारी हिसकावून घेतल्या, त्या परत दिल्याच नाहीत. बदल्यात मावशींनी त्यांना एक मराठी भजन शिकवलं. 'ळ' कुणाच्या जिभेला वळेना, तेव्हा मावशींनी 'ळ'लाच सुट्टी दिली.

"गरीब असून किती आनंदी असतील ना ते लोक!" असं मी एकदा म्हणालो. मासिकात वाचलेलं वाक्य होतं.

"आनंदी कसले? दमलेले असतात," मावशी म्हणाल्या. "रात्रभर डोक्यावरून पाणी वाहिलेलं, पोराला ताप. गाताना शेजारणीच्या खांद्याला टेकता येतं. म्हणून तीन तास गातात."

त्याच दमल्या आवाजात त्यांची जेवणाआधीची प्रार्थना चालायची. ती इतकी लांब, की गरम वाढलेल्या भाताला पुन्हा पेरणी करून पीक काढता आलं असतं. त्यात हैतीतली सगळी माणसं एकेक करून यायची, नावानिशी, आजारानिशी. मधे कुठेतरी "आणि हा थापाड्या" यायचं. मी डोळे मिटून असायचो, पण तेवढं ऐकू आलं की उगाच ताठ बसायचो. आमेन झालं की मावशी दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या.

झोपेचंही तसंच. अमोस म्हणायचा, "आई पलंगावर आडवी होते, पण झोपत नाही. पहारा देते." एकदा आम्ही सगळे ईस्ट कोस्टला गेलो, आई समुद्र बघेल, वारा खाईल म्हणून. लोक सायकली चालवत होते, काडीला टोचून भाजलेल्या मांसाचा, साटेचा, धूर येत होता. मावशी समुद्राकडे पाठ करून बाकावर बसल्या. "तिकडे तोंड करून बसा की," मी म्हटलं. म्हणाल्या, "पलीकडे काय आहे ते मला माहीत आहे. जरा इकडे बघू दे."

आणि तरीसुद्धा दर रविवारी फोन ठेवताना त्या आसेफीला सांगायच्या, "माप विनी." येतेय. दोन वर्षं येतेय, येतेय.

त्यात ती साक्ष आली.

अमोसच्या चर्चमध्ये अंकल टान नावाचे वडीलधारे गृहस्थ होते. फार प्रेमळ, फार उत्साही; उभे राहिले की पंखा लावावा लागत नसे. त्यांनी ठरवलं की मार्था आंटीने मोठ्या सभेत हैतीची साक्ष द्यावी, म्हणजे देवाने तिकडे काय केलं ते सगळ्यांपुढे सांगावं. मावशींना इंग्रजी येत होतं, पण त्यांनी अट घातली. "देवाबद्दल बोलायचं तर मराठीत बोलेन. इंग्रजीत मला खोटं बोलता येतं." अमोसला नेमकी शिफ्ट. दुभाषी कोण? ज्याला त्या स्वतः थापाड्या म्हणत, तो.

चारशे माणसं, गार हॉल, हातात माइक. मावशी सांगू लागल्या, "एकदा वादळ आलं. नदी दवाखान्यात शिरली. रोगी टेबलांवर चढवले. पाणी कमरेला लागलं. मला पोहता येत नाही. आसेफीने एका हाताने खिडकीचा गज धरला, दुसऱ्या हाताने माझं मनगट. दुपारभर धरून होती. 'केंबे, केंबे' म्हणत होती. धर, धर. मधेच एक बकरी वाहत आली. तीही आम्ही ओढून घेतली."

मी इंग्रजीत सुरू झालो. पाणी मी सुरुवातीलाच छताला टेकवलं. दोन नारळाची झाडं पाडली, एक पूल वाहून नेला. बकरीपाशी आलो तेव्हा चारशे माणसं श्वास रोखून बसली होती, आणि एवढ्या लोकांच्या हातावर नुसती बकरी ठेवणं माझ्या जिवावर आलं. मी मगर दिली. मोठी दिली. मावशींनी तिचा जबडा धरला आहे इथपर्यंत मी पोचलो, तोच माझ्या हातातला माइक गेला.

"नो क्रोकोडाइल," मावशी म्हणाल्या. "गोट. स्मॉल गोट." जरा थांबून, "अँड वी एट इट."

हॉलभर हशा फुटला. हशा ओसरल्यावर मावशी पुन्हा मराठीत बोलल्या. "लोक म्हणतात, तुम्ही तिकडे देवाचं काम केलंत. मी बहुतेक वेळ भांडी उकळली आणि चादरी धुतल्या. आणि मला धरून ठेवलं त्या बाईने. एवढीच साक्ष आहे." हे मी जसंच्या तसं सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं जसंच्या तसं. टाळ्या थांबेनात.

अंकल टान डोळे पुसत उठले. "आंटी, सो पॉवरफुल, लाह!" आणि त्याच भरात त्यांनी जाहीर केलं की जूनच्या सुट्टीत चर्चची तरुण मंडळी हैतीला जातील आणि मार्था आंटी त्यांना आपल्या दवाखान्यात घेऊन जातील. पुन्हा टाळ्या. मावशींना कुणी विचारलं नव्हतं. त्या खाली बसल्या आणि मांडीवरचा पदर नीट करत राहिल्या.

परतीच्या बसमध्ये एवढंच म्हणाल्या, "टाळ्या तुझ्या मगरीला पडल्या. तिकीट माझं निघालं."

पुढच्या रविवारपर्यंत ही बातमी मिशनमार्फत डोंगरात पोचलीसुद्धा. आसेफीने मावशींच्या खोलीला चुना दिला, पलंगाला नवी दोरी बांधली. इकडे अमोसचा चेहरा दगडी. "आई, तू जाणार नाहीस. गुडघा बघ, शुगर बघ. मी अंकलना सांगतो." तो कामावर गेला, लिफ्टचं टिंग झालं, आणि मावशी सवयीने दारात येऊन उभ्या राहिल्या. मी तिथेच बूट घालत होतो.

"मावशी, मनाला नका लावून घेऊ," मी म्हटलं. "तो काळजीने बोलतो. तुम्हाला जायचं असेल तर मी समजावतो त्याला."

"मला जायचं नाहीये," मावशी म्हणाल्या.

माझा एक बूट हातातच राहिला.

"मग प्रश्न मिटला की! आसेफीला सांगा, मुलगा सोडत नाही. गुडघ्याचं सांगा. व्हिसाचं सांगा. मी अशी कारणं रचून देतो की तीच म्हणेल, बाई गं, पाया पडते पण येऊ नकोस."

"तुझी कारणं चांगलीच असतील. पण गुडघा बांधून मी तो डोंगर चढले असते. आणि अमोसला काय, तो लहान होता तेव्हापासून गप्प बसवत आले." त्यांनी दाराची चौकट धरली. "मी दमलेय रे. सकाळी प्रार्थनेला बसते, तर शब्द सुचत नाहीत, नुसती नावं येतात. जिने मला दुपारभर धरून ठेवलं तिला खोटं कारण देऊ? आणि खरं सांगू तर काय सांगू? की बाई, मी हात सोडते?"

मी हातातला बूट खाली ठेवला.

"त्यांच्या भाषेत येतेय म्हणजे 'माप विनी'," मावशी म्हणाल्या. "आणि येत नाही म्हणजे 'म पाप विनी'. आता तूच बघ. न येण्यात पाप घालूनच ठेवलंय."

माप आणि पाप मी आजवर फक्त वाण्याच्या दुकानात शेजारी शेजारी ऐकले होते. तेही मला तेव्हा बोलवेना.

पुढचा रविवार. घरात मावशी एकट्याच. मी आकडे दाबले. एरवी मावशी स्टूल फोनजवळ ओढून बसायच्या. त्या दिवशी सोफ्यावर बसल्या, अगदी कडेला. पलीकडे आधी ढोल, मग बायकांचा कलकलाट, मग आसेफीचा खर्ज, "कूमान ऊ ये, माता?" मार्थाचं ती माता करायची.

मावशींनी 'माप केंबे' म्हटलं नाही.

आसेफीने पुन्हा विचारलं. पलीकडचा कलकलाट थांबला. मावशींनी डोळे मिटले. "म पाप विनी, आसेफी," त्या म्हणाल्या. हे मला कळलं. मी खिडकीबाहेर समोरच्या इमारतीतले बांबूवर वाळत घातलेले कपडे बघू लागलो; इतक्या बारकाईने मी कधी कुणाचे कपडे बघितले नाहीत. मग मावशींचा आवाज अगदी खाली गेला. "म्वें बुके," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा, लहान मुलीसारखं, "म्वें बुके."

बुके म्हणजे दमले, पार गळून गेले. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या क्षणी मला कळलं ते एवढंच, की दोन घासांवर ताट सरकवणारी ही बाई सातासमुद्रापलीकडच्या मैत्रिणीला सांगतेय, मला भूक लागलीय. आणि मी इथे बसून लोकांचे कपडे बघतोय! मी चपला न घालता निघालो. लिफ्टची वाट बघण्यात अर्थ नव्हता. जिन्यावरून असा उतरलो की दोन मजले तर मी बहुधा वगळले. खालच्या कोपीटियममध्ये, म्हणजे चहा-कॉफीच्या खानावळीत, पराठ्यासारखे प्राटे करणाऱ्या अण्णाला म्हटलं, "अण्णा, चार प्राटा, जल्दी! एक अम्मा भूखी है."

"वेट, लाह," अण्णा म्हणाला. "अम्मा भूखी है तो प्राटा कच्चा नहीं देगा."

गरम पुडा छातीशी धरून मी वर आलो तो लिफ्टने. आमच्या मजल्यावर दार उघडलं. टिंग.

मावशी दारात नव्हत्या.

दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नको ते सगळं डोक्यात आलं, आणि माझं डोकं म्हणजे तुम्हाला माहीत आहेच, सुताची पालखी करून तीत माणूसही बसवतं. धावत आत गेलो.

मावशी सोफ्यावर होत्या. कडेला नाही, पार मागे टेकून. मान एका बाजूला कललेली, तोंड अर्धवट उघडं, आणि घोरत होत्या. त्या घोरण्याबद्दल मी तिखटमीठ लावणार नाही. साधं, थकलेल्या माणसाचं घोरणं होतं. मी गेल्यावर त्यांनी कानाला लावलेला रिसीव्हर मात्र हातात घट्ट होता, आणि फोनमधून गाणं येत होतं. ढोल हळू, झांजा त्याहून हळू. शब्द मराठी. सगळे 'ळ' सुट्टीवर.

आसेफी काय म्हणाली ते मावशींनी मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "एवढंच ना, माता? मग तू झोप. आम्ही म्हणतो."

मी त्यांच्या मुठीतून रिसीव्हर एकेक बोट सोडवत काढून घेतला. त्या जाग्या झाल्या नाहीत. पलीकडे गाणं जरा थांबलं आणि आसेफीने काहीतरी विचारलं. त्यातलं 'माता' तेवढं समजलं. एवढ्या मोठ्या बोलघेवड्या माणसाला त्यांच्या भाषेतलं एकच वाक्य येत होतं. मी रिसीव्हर नीट धरला आणि म्हणालो, "माप केंबे."

पलीकडून हसू. आधी आसेफीचं, मग त्या पत्र्याच्या देवळातल्या सगळ्या बायांचं. हसता हसता कुणीतरी पुन्हा तेच भजन उचललं, आणखी हळू. बाहेर लिफ्टचं टिंग झालं. मी मावशींकडे बघितलं.

त्या उठल्या नाहीत. प्राटे गार होत होते. मी फोन धरून बसलो.